पाठभेद : पोथीतले आणि संगणकातले

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावाचून पुढचे विवेचन नीट कळणार नाही, म्हणून आरंभी तीच सांगतो.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील जुन्या शेतीचे शब्द गोळा करावेत, असे आम्ही काही जणांनी ठरविले होते. मोट गेली आणि तिच्यामागून तिचे शब्दही निघाले. मोट स्वतः हाकलेली माणसे आता वयाने बरीच पुढे गेली आहेत. तेव्हा जे मिळेल ते लिहून ठेवावे एवढाच हेतू. मी तीनशेएक शब्दांची एक फाईल तयार केली आणि तिची एकेक प्रत दोन विद्यार्थ्यांना दिली. मुलाने आळे, बेल्हे, ओतूर हा भाग घेतला. मुलीने मंचर व घोडेगावची बाजू घेतली. सुट्टी संपताच दोघांच्या फाइली माझ्याकडे आल्या. दोन्हींचे नाव एकच, कारण त्या मीच दिलेल्या फाईलच्या प्रती! मी मुलाची फाईल संगणकात घातली आणि थोड्या वेळाने त्याच जागी मुलीची घालू लागलो. संगणकाने विचारले, जुनीच्या जागी नवी ठेवू काय? मी सवयीने 'होय' म्हटले.

आठवड्याने तो मुलगा माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, माझे शब्द कुठे गेले?"

त्याच्या पन्नासहून अधिक नोंदी नाहीशा झाल्या होत्या. त्यांतील कित्येक त्याने एका आजीबाईंच्या ओसरीवर बसून उतरून घेतल्या होत्या, आणि त्या आजी मधल्या काळात निवर्तल्या होत्या. म्हणजे पुन्हा जाऊन विचारण्याची सोय नव्हती. मुलाच्या पेन ड्राइव्हमध्ये प्रत शिल्लक होती म्हणून निभावले. नसती तर एका जाणत्या बाईचे शब्द केवळ माझ्या एका 'होय'मुळे गेले असते, आणि ते गेल्याचे त्या मुलाखेरीज कोणाला कळलेही नसते.

प्रत मिळाली तरी प्रश्न सुटला नव्हता. आता दोन फाइली समोर होत्या. दोन्हींत नवे शब्द होते, दोन्हींत माझ्या जुन्या नोंदी दुरुस्त केल्या होत्या, काही काढून टाकल्या होत्या, आणि काही नोंदींत दोघांनीही हात घातला होता. या दोहोंची मिळून एक फाईल कशी करावयाची? पहिल्या दिवशी मी दोन्हींचे कागद छापून घेतले आणि पट्टी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहू लागलो. एका संध्याकाळी जेमतेम चाळीस नोंदी झाल्या. शिवाय एक अडचण अशी निघाली की ती पट्टीने सुटेना. 'वरवंडी' हा शब्द मुलीच्या फाईलमध्ये होता, मुलाच्या फाईलमध्ये नव्हता. मग तो मुलीने नवा घातला म्हणावा, की मुळात होता आणि मुलाने काही कारणाने काढला म्हणावा? घातला असेल तर ठेवला पाहिजे. विचारपूर्वक काढला असेल तर ठेवता कामा नये. दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून कितीही वेळ पाहिले तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही. ते तिसऱ्या प्रतीत असते. जी प्रत मी प्रथम दोघांना दिली ती काढून पाहिली की क्षणात उलगडा होतो. तीत शब्द असला तर एकाने काढला. नसला तर दुसरीने घातला.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. आपण त्याला पाठभेदाचा प्रश्न म्हणतो, आणि ज्ञानेश्वरीच्या निमित्ताने तो आपल्याला पहिल्या वर्षापासून भेटतो.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे सांगितली गेली. तिचा मूळ लिहिलेला ग्रंथ आपल्यापाशी नाही. पुढे तिच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या. उतरून घेणाऱ्याच्या हातून काय काय होते ते आपण वर्गातील टिपणे उतरवताना अनुभवतोच. दोन ओळी एकाच शब्दाने सुरू झाल्या तर नजर पहिलीवरून घसरून दुसरीवर जाते आणि मधला मजकूर गळतो. जुना शब्द कळला नाही तर त्या जागी ओळखीचा शब्द येतो. एखाद्या भाविकाला स्वतःची ओवी सुचते, ती तो समासात लिहितो, आणि पुढचा लेखक ती समासातून उचलून ग्रंथात घेतो. तीनशे वर्षांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला. ग्रंथ मुळात शुद्धच होता पण पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, असे त्यांनी अखेरीस स्वतः सांगितले आहे. आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, अशी ताकीदही दिली आहे. आळ्याला रेड्याच्या समाधीवर जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते की आपण पारायणाला घेतो त्या ज्ञानेश्वरीचा पाठ बव्हंशी या संशोधनाच्या परंपरेतून आलेला आहे?

परंतु नाथांपुढे जी अडचण होती तीच वर सांगितलेली. त्यांच्यापाशी तिसरी प्रत नव्हती. एका पोथीत ओवी आहे, दुसरीत नाही. ती घुसडली की गळली, हे त्यांना भाषेच्या व अर्थाच्या जाणकारीवर ठरवावे लागले. त्यांनी ते ठरविले. पण कोणता पाठ टाकला आणि का टाकला, याची यादी ग्रंथाला जोडली नाही. तशी यादी जोडण्याची तेव्हा रीतच नव्हती, त्यामुळे त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. मात्र त्याचा परिणाम असा की त्यांच्या निर्णयांची फेरतपासणी आपल्याला करता येत नाही. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ती पोथी एकनाथपूर्व असल्याचे सांगितले, तेव्हापासून हा वाद अभ्यासकांत चालू आहे.

टाकलेल्या पाठांचाही हिशेब ठेवावयाचा, ही शिस्त आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आणली ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आरंभ १९१९ मध्ये झाला. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले, आणि त्यांच्या कामात तो गणिती नेमकेपणा दिसतो. तुलनेचे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. एका आखलेल्या मोठ्या कागदाच्या माथ्यावर प्रचलित पाठातील श्लोक लिहावयाचा, एका चौकोनात एक अक्षर. मग एकेक पोथी घेऊन तिचे अक्षर जिथे वेगळे असेल तिथे त्या चौकोनाखाली ते भरावयाचे; सारखे असेल तिथे चौकोन मोकळा सोडावयाचा. त्यामुळे कागदावर नजर टाकताच भेद कुठे आहे ते दिसे. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही हे कागद भरले जात. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्यांचे पाठ असे नोंदले गेले. आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले, सुकथनकर १९४३ मध्ये वारले, पुढे बेलवलकर व वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये अखेरच्या पर्वापर्यंतचा ग्रंथ सिद्ध झाला. एकूण १,२५९ पोथ्या विचारात घेतल्या गेल्या.

मूळ प्रत त्यांच्यापाशीही नव्हती. मग त्यांनी काय केले? उत्तरेकडील पोथ्या आणि दक्षिणेकडील पोथ्या या दोन शाखा फार पूर्वी एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या. ज्यांचा परस्परांशी संबंध आला नाही अशा दोन शाखांत जर एकच पाठ आढळला, तर तो त्यांनी वेगळे होण्यापूर्वीचा असला पाहिजे. दोन्ही मुले एकमेकांना न भेटता एकच शब्द सांगत असतील तर तो त्यांना एकाच ठिकाणी मिळाला असणार, असा हा तर्क. म्हणजे हरवलेली तिसरी प्रत त्यांनी दोन प्रतींच्या सहमतीवरून पुन्हा उभी केली. आणि जिथे खात्री वाटली नाही तिथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली. शेकडो वर्षांच्या मजकुरावर अधिकाराने निर्णय देणाऱ्या माणसाने इतक्या ठिकाणी 'मला येथे खात्री नाही' असे छापावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

या पद्धतीने गेले की प्रिय गोष्टीही सोडाव्या लागतात. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही कथा आपल्याला किती जवळची! आणि आपल्या जुन्नर तालुक्यात तर लेण्याद्री व ओझर अशी अष्टविनायकांतील दोन ठाणी. परंतु पोथ्यांचा पुरावा पाहून चिकित्सित आवृत्तीने ती कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. पुसून टाकली नाही, परिशिष्टात ठेवली. ज्याला पटत नाही त्याला तिथे ती पाहता येते. याच्या उलट रीत सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांची. त्यांनीही अनेक देशींच्या पोथ्या मिळविल्या, पण त्यांचा कल जे जे चांगले मिळेल ते ते ग्रंथात समाविष्ट करण्याकडे होता. दोन्ही बाजूंचे सगळेच ठेवणे हा वाद मिटविण्याचा सोपा मार्ग आहे. त्याने कोणी रुसत नाही. ग्रंथ मात्र फुगतो.

आता संगणकाकडे वळू.

जे काम भांडारकरात आखीव कागदांवर झाले ते करणारे पहिले प्रसिद्ध साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास आले. त्याचे नाव 'डिफ'. दोन फाइली दिल्या की दोन्हींत त्याच क्रमाने आढळणाऱ्या ओळींची लांबात लांब माळ ते शोधते. त्या माळेबाहेर जे उरेल तो भेद. परंतु डिफ दोनच प्रती पाहते, म्हणून माझ्या पट्टीइतकेच ते आंधळे. १९७९ मध्ये 'डिफथ्री' आले आणि त्याने तिसरी प्रत हिशेबात घेतली. त्याचे नियम चार ओळींत सांगता येतात. मूळ प्रतीतील एखादा भाग दोघांनीही बदलला नसेल तर तो तसाच ठेवावा. एकानेच बदलला असेल तर बदललेला घ्यावा. दोघांनी बदलून सारखाच केला असेल तर तो घ्यावा. दोघांनी बदलला आणि निरनिराळा केला, तर थांबावे आणि माणसाला विचारावे. या शेवटच्या प्रसंगाला संगणकाचे लोक 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. आपण त्याला पेच म्हणू.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यावर लिहिणाऱ्यांना हा पेच ठाऊक असेल. तुम्ही एक लेख दुरुस्त करीत आहात, तेवढ्यात दुसऱ्या कोणी तोच लेख बदलून जतन केला. तुम्ही जतन करू जाता तेव्हा त्या संकेतस्थळाची प्रणाली बाहेरच्या डिफथ्रीला हाक मारून मेळ बसतो का पाहू शकते. बसला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. बसला नाही तर दोन्ही मजकूर तुमच्यापुढे ठेवून 'आता तुम्हीच पाहा' असे सांगते.

ज्याला अनेकांनी मिळून दीर्घकाळ एखादे लेखन करावयाचे आहे त्याच्यासाठी आणखी एक सोय असते. प्रत्येक टप्प्याची प्रत, कोणी केली, केव्हा केली आणि का केली या टिपणासह जपून ठेवणारी. यांतील सर्वांत प्रचलित प्रणाली म्हणजे 'गिट'. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ती २००५ मध्ये लिहिली. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे ती वापरतात, पण साध्या मजकुराच्या कोणत्याही फाईलला ती चालते. मग तो शब्दसंग्रह का असेना. गिटजवळ तिसरी प्रत नेहमी असते, हा तिचा पोथ्यांवरचा मोठा वरचष्मा. दोन प्रवाह कुठे फुटले ते तिच्या वहीत नोंदलेले असते. पुण्यात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी शनिवार-रविवारी द्राक्षबाग पाहायला गावी येतो, त्याने आम्हाला हे सारे एका दुपारी बसवून दिले. मूळ तीनशे शब्दांची प्रत आधी नोंदविली, तिच्यापासून दोन शाखा काढल्या, एकीत मुलाची फाईल, दुसरीत मुलीची. आणि दोहोंचा मेळ घालण्याची आज्ञा दिली. मी तीन संध्याकाळी धरून बसलो असतो ते काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले. उरले फक्त अकरा पेच.

पेच पडला की गिट फाईलमध्येच खुणा करून ठेवते. वर सात डावे कोन, मग आपला मजकूर, मधे बरोबरच्या सात चिन्हांची रेघ, मग दुसऱ्याचा मजकूर, आणि शेवटी सात उजवे कोन. पेच एखाददुसरा असला तर या खुणा पाहून हाताने निस्तरता येते. पण सामान्यपणे या खुणांत मूळ मजकूर दाखविलेला नसतो. म्हणजे पुन्हा दोनच प्रती! गिटला 'डिफथ्री' पद्धतीने खुणा करण्यास सांगितले तर मधोमध मूळ पाठही दिसतो, आणि ही सूचना प्रत्येकाने पहिल्याच दिवशी देऊन ठेवावी असे माझे मत आहे.

पेच अधिक असले तर बाहेरचे साधन जोडावे. 'मेल्ड' आणि 'केडिफथ्री' ही दोन मोफत मिळतात. विकत घ्यावयाचीही काही आहेत. एकदा गिटला कोणते साधन वापरायचे ते सांगून ठेवले, की पेच पडल्यावर 'मर्जटूल' ही आज्ञा देताच ते साधन उघडते. केडिफथ्रीत वर तीन खिडक्या असतात. पहिलीत दोघांच्या अलीकडची मूळ प्रत, दुसरीत आपली, तिसरीत समोरच्याची. खाली आडवी चौथी खिडकी, ती सिद्ध होणाऱ्या पाठाची. जिथे भेद तिथे रंग. बाण दाबला की पुढच्या पेचावर नेऊन उभे करते, आणि एकेका कळीने ही ओळ घे, ती घे, किंवा आधी ही आणि मग ती घे असे सांगता येते. मेल्डमध्ये तीन उभ्या पट्ट्या असतात आणि सिद्ध पाठ मधल्या पट्टीत तयार होतो. मला स्वतःला केडिफथ्रीची मांडणी अधिक रुचली, कारण ती पाहताच भांडारकरातला आखीव कागद आठवतो.

एक प्रत्यक्ष पेच दाखवितो. 'थारोळे' या शब्दाचा. मूळ प्रतीत मी लिहिले होते :

थारोळे : विहिरीच्या काठावरील हौद.

मुलाने केले :

थारोळे : मोटेचे पाणी जिथे ओतले जाते तो विहिरीच्या काठावरील हौद, येथून पाणी पाटात जाते.

मुलीने केले :

थारोळे : विहिरीच्या काठावरील हौद. 'रक्ताच्या थारोळ्यात' या प्रयोगातही हाच शब्द.

साधनाने तिन्ही ओळी समोर ठेवल्या. ही घे म्हटले तर मोट राहते आणि वाक्प्रचार जातो. ती घे म्हटले तर उलट. दोन्ही घे म्हटले तर 'विहिरीच्या काठावरील हौद' दोनदा येतो आणि एका शब्दाच्या दोन नोंदी होतात, म्हणजे नीलकंठी रीत. योग्य उत्तर तीनही कळींत नव्हते. ते खालच्या खिडकीत हाताने लिहावे लागले : मुलाच्या वाक्यापुढे मुलीचे दुसरे वाक्य. वर्तमानपत्रात रोज वाचतो तो शब्द मोटेच्या हौदाचा आहे, हे वर्गातल्या बहुतेकांना त्या दिवशीच कळले.

या साधनांच्या काही खोड्या आहेत, त्या अनुभवाने कळतात. पहिली अशी की ही साधने ओळ हे माप धरतात, आणि संगणकाच्या लेखी परिच्छेद संपेपर्यंत ओळ एकच असते. त्यामुळे पंधरा वाक्यांच्या परिच्छेदात एकाने पहिल्या वाक्यात स्वल्पविराम घातला आणि दुसऱ्याने शेवटच्या वाक्यातला शब्द बदलला, तरी अख्खा परिच्छेद पेचात सापडतो. यावर उपाय म्हणजे एक वाक्य झाले की नवी ओळ करावी. कोशासारख्या मजकुरात एक नोंद एक ओळ ठेवली की झाले. वर्डमध्ये केलेल्या फाइली गिटला अशा उलगडता येत नाहीत. त्यांच्यासाठी वर्डचीच तुलना करण्याची सोय वापरावी. आणि युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटात टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्यात पडूच नये.

दुसरी खोडी खास मराठीची, आणि तिने आम्हाला दोन तास छळले. अकरा पेचांपैकी तीन असे होते की दोन्ही बाजूंची ओळ तंतोतंत सारखी दिसे, आणि तरी साधन ती वेगळी म्हणून रंगवी. आम्ही अक्षर अक्षर मोठे करून पाहिले. फरक दिसेना. शेवटी उलगडले ते 'वाऱ्यावर', 'पऱ्हाटी', 'कऱ्हाड' या शब्दांतल्या रफाराच्या भावंडात. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मधला हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. एक, नुक्ता असलेल्या र ला हलन्त जोडून. दुसरा, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच, साधनाला दोन. मुलाचा कळफलक एका पद्धतीचा, मुलीचा दुसऱ्या. सर्व संग्रह एका पद्धतीत आणला आणि ते तीन पेच आपोआप विरले. पोथी उतरविणाऱ्यांची वळणे निरनिराळी असत, तसाच हा प्रकार. फक्त येथे वळण दिसत नाही.

तिसरी गोष्ट अधिक घातक, कारण तीत पेच पडतच नाही. मुलाने एका ठिकाणी 'थारोळे' हे शीर्षक बोलीप्रमाणे 'थारोळं' केले असते आणि मुलीने दूर कुठे 'धाव' या शब्दाच्या नोंदीत 'थारोळे पाहा' असे घातले असते, तर साधनाने दोन्ही बदल निमूट घेतले असते. दोन वेगळ्या ओळी, एकेकानेच बदललेल्या. नियमाप्रमाणे सारे ठीक. पण वाचक 'थारोळे' शोधायला जाईल तेव्हा तो शब्द तिथे नसेल. असे आमच्याकडे एके ठिकाणी खरोखरच झाले होते, शब्द निराळे होते एवढेच. म्हणून मेळ बिनतक्रार झाला तरी फाईल एकदा वरपासून खालपर्यंत वाचावीच लागते. कार्यक्रम लिहिणारे मेळ घातल्यावर तो चालवून पाहतात. आपल्यापाशी वाचून पाहणे हीच चाचणी.

किरकोळ दोन सूचना. साधन बंद करताना गिट पूर्वीच्या पेचासह फाईलची एक राखीव प्रत 'ओरिग' या शेपटाने ठेवून देते. काम नीट झाल्याची खात्री होईपर्यंत ती पुसू नये. आणि गिटमध्ये 'रीबेस' नावाचा मेळाचा दुसरा प्रकार आहे, त्यात 'आपले' आणि 'समोरचे' यांच्या बाजू उलट्या होतात. तिथे खिडकीवरचे नाव पाहून कळ दाबू नये, मजकूर वाचून दाबावी. कामाच्या शेवटी एखादी कोनांची खूण फाईलमध्ये राहून तर गेली नाही ना, हे तपासून सांगण्याचीही गिटमध्ये सोय आहे.

मला या सगळ्यांत सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट पेच सुटल्यानंतरची. मेळ घातलेली नवी प्रत गिट जेव्हा नोंदविते तेव्हा तिच्या दोन्ही पूर्वज प्रतींची नावे तिच्याशी बांधून ठेवते. मी निर्णय चुकीचा दिला असला तरी मुलाचे मूळ वाक्य आणि मुलीचे मूळ वाक्य दोन्ही तिथे आहेत. उद्या कोणालाही ती उघडून माझी चूक दाखविता येईल. सुकथनकरांच्या तळटिपा आणि परिशिष्टे जे काम करतात ते येथे न सांगता होते. मात्र निर्णय का दिला हे टिपण आपणच लिहावे लागते. 'दुरुस्ती केली' एवढेच लिहिणारा पुढच्याला काहीच सांगत नाही.

अकरांपैकी तीन पेच विरले, सात मुलांनी आपसात बोलून सोडविले. बोलून, हे मुद्दाम सांगतो; कारण समोरच्याने ओळ का बदलली हे कोणत्याही खिडकीत दिसत नाही, त्याला विचारावे लागते. 'वरवंडी'चेही तसेच झाले. ती मूळ प्रतीत होती आणि मुलाने काढली होती, म्हणून नियमाप्रमाणे ती गेली असती. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, आमच्याकडे कोणी तो शब्द ओळखला नाही म्हणून काढला." मंचरच्या बाजूला ओळखणारे होते. तेव्हा नियम बाजूला ठेवून शब्द परत घेतला.

अकरावा पेच मोटेच्या दोरांचा. मोटेला दोन दोर असतात : तिचे तोंड ओढणारा जाड तो नाडा, आणि सोंडेला बांधलेला बारीक दुसरा. हा बारीक दोर मुलाने 'सौंदर' लिहिला होता, मुलीने 'सोंदूर'. दोघांनीही मोट हाकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकून लिहिला होता. मुलगा म्हणाला, नाडा-सौंदर असे जोडीने म्हणतात, तेव्हा तेच खरे. मुलगी म्हणाली, बाबांनी मला तीनदा म्हणून दाखविला. मी दोघांचे ऐकले, कोश काढून पाहिले, आणि निकाल दिला नाही. नोंदीत दोन्ही रूपे आहेत, कोणते कोणत्या गावचे ते पुढे लिहिले आहे, आणि साध्या मजकुरात शब्दाखाली रेघ ओढता येत नाही म्हणून शीर्षकापुढे एक नागमोडी चिन्ह टाकले आहे.